मांजर आंत कीं बाहेर?

मांजर घरांत ठेवावें कीं बाहेर हिंडूं द्यावें, असा प्रश्न आमच्या लहानपणीं कोणी विचारला असता तर वडील माणसांनीं त्याला हंसून वाटेला लाविलें असतें. मांजर ही मुळीं ‘ठेवावयाची’ वस्तूच नव्हती. पुण्याच्या पेठेंतील आमच्या जुन्या वाड्यांत मांजर असे, इतकेंच. तें कोणाचें, कोठून आलें, रात्रीं कोठें जातें, याची चौकशी कोणी करीत नसे. कोठीच्या खोलींत उंदरांची खुडबुड झाली कीं तें कोठींत, माजघरांत उन्हाची तिरीप आली कीं तें माजघरांत, आणि दूध तापूं लागलें कीं चुलीपाशीं. बाहेर जाण्यास त्याला दरवाजा उघडून द्यावा लागत नसे. परसदाराची फट, मोरीचा झरोका, माळ्यावरचें निखळलेलें कौल, हीं सारीं त्याचींच महाद्वारें. एखादें मांजर दिसेनासें झालें तर ‘गेलें असेल कोठें तरी’ एवढ्यावर त्याचा शोक आटपे, आणि पुढच्या पावसाळ्यांत जळणाच्या खोलींत दुसरीं चार पिलें डोळे मिटून पडलेलीं सांपडत.

तो वाडा पडला. त्या जागीं चार मजली इमारत उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावरील लगतचे दोन फ्लॅट आमच्या एकत्र कुटुंबाकडे आहेत; मधली भिंत काढून माजघराची आठवण राहील इतपत एक लांबट खोली केली आहे. तेथें आतां अकरा माणसें राहतात, आणि गेल्या श्रावणापासून बारावें एक मांजर. आमच्या नातीनें तें भिजलेलें पिलूं जिन्याखालून दप्तरांत घालून वर आणिलें, त्याचें नांव मनी ठेविलें, आणि आठ दिवसांत घरांत दोन पक्ष पडले. धाकटी सून म्हणे, याला उंबरठ्याबाहेर पाऊल टाकूं देऊं नये. आमच्या वडील वहिनी, ज्यांनीं वाड्यांतल्या मांजरांच्या कित्येक पिढ्या पाहिल्या, त्या म्हणत, मुक्या जनावराला कोंडून ठेवणें हें पाप आहे. पंचतंत्रांत ससा आणि कपिंजल पक्षी आपलें भांडण तोडून घेण्यास मांजराकडे जातात आणि दोघेहि त्याच्या पोटांत जातात. येथें उलट मांजराचाच खटला माणसांपुढें आला. आणि तीस वर्षें मुलांचीं भांडणें तोडलेला मनुष्य घरांत रिकामा बसला आहे, म्हणून निवाड्याचें काम आमच्या गळ्यांत पडलें. पुष्कळ घरांतून हल्लीं हाच वाद चालू असल्याचें कानीं येतें. म्हणून त्या निमित्तानें आम्हीं जें वाचलें, विचारलें आणि पाहिलें तें वाचकांपुढें मांडतों.

सुनेचा पक्ष प्रथम घेऊं. ज्या बोळांतून आमच्या बाळपणीं दिवसाकाठीं एखाददुसरा टांगा आणि पांचपंचवीस सायकली जात, त्याच बोळांतून आज रात्रीं अकरापर्यंत मोटारसायकलींची रीघ असते. कोपऱ्यावर कुत्र्यांचें टोळकें आहे. खालच्या दुकानदारांनीं उंदरांसाठीं विष ठेविलेलें असतें, आणि विष खाऊन मंदावलेला उंदीर मांजराच्या तावडींत सहज सांपडतो. मग त्या विषाचा वांटा मांजरालाहि मिळतो. बोक्यांच्या मारामाऱ्यांतील चाव्यांतून मांजरांत एक असाध्य विषाणुरोग पसरतो. तो माणसास होत नाहीं. पण रेबीज होतो. रेबीज हा कुत्र्यांचाच रोग अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः तो मांजरालाहि होतो, मांजराच्या चाव्यानें माणसालाहि होतो, आणि त्याचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं पुढें उपाय जवळजवळ राहत नाहीं. इंग्लंडांत मांजर मोकळें सोडण्याची चाल आहे, तेथील पुष्कळ प्राणिप्रेमी संस्था तिचें समर्थनहि करितात. परंतु त्या देशांत कुत्र्यामांजरांतून रेबीज उरलेला नाहीं हें लक्षांत घेतलें पाहिजे. अमेरिकेंतील पशुवैद्य बहुधा मांजर आंत ठेवा असेंच सांगतात. एकाच जातीच्या प्राण्याविषयीं दोन सुधारलेल्या देशांचीं मतें अशीं परस्परविरुद्ध असावींत, यावरून हा प्रश्न नुसत्या मांजराचा नसून तें कोणत्या गल्लींत राहतें याचाहि आहे, असें आम्हांस वाटतें.

दुसरी गोष्ट पक्ष्यांची. व्याकरण शिकवितांना ज्यांचें वैर जन्मजात आहे अशा प्राण्यांच्या द्वंद्वसमासाचें एकवचन होतें हा नियम आम्हीं मुलांना सांगत असूं, आणि ‘मार्जारमूषकम्’ हें त्याचें ठरलेलें उदाहरण. पाणिनीच्या परंपरेनें मांजराचें वैर उंदराशीं जोडून दिलें म्हणून पक्षी सुटले असें मात्र नव्हे. न्यूझीलंडजवळ स्टीफन्स नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथें एक चिमुकला, उडतां न येणारा पक्षी राहत असे. १८९४ सालीं त्या बेटावर दीपगृह चालू झालें, माणसें राहावयास गेलीं, त्यांच्याबरोबर मांजर गेलें. आणि एकदोन वर्षांत तो पक्षी नाहींसा झाला. एका रखवालदाराच्या एकाच मांजरानें ती जात संपविली अशी आख्यायिका आहे. पुढील संशोधकांनीं तपासून पाहिलें, तेव्हां बेटावर वाढलेल्या अनेक मोकाट मांजरांचें तें काम होतें असें ठरलें. एक मांजर निर्दोष सुटलें. पक्षी मात्र परत आला नाहीं.

अमेरिकेंत २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गणनेप्रमाणें त्या देशांत मांजरें दरवर्षीं १३० कोटींपासून ४०० कोटींपर्यंत पक्षी मारतात. त्यांतला मोठा भाग बिनमालकाच्या मांजरांचा आहे हेंहि तेथेंच म्हटलें आहे. जर्मनींतील वॉल्डोर्फ या गांवीं २०२२ सालीं अधिकाऱ्यांनीं हुकूमच काढिला कीं, तुरेवाल्या चंडोलाचीं थोडींच जोडपीं उरलीं असल्यामुळें ऑगस्टअखेरपर्यंत लोकांनीं आपलीं मांजरें घरांत कोंडून ठेवावींत. हे आंकडे आणि हे हुकूम आपल्या पेठेस जसेच्या तसे लागूं करावे असें आम्ही म्हणत नाहीं. येथें पक्ष्यांना मांजराहून अधिक आम्हींच उठविलें आहे. वाड्यांबरोबर वाड्यांतलीं झाडें गेलीं, हें कोण नाकारील? पण शेजारच्या आवारांत एक जांभूळ अद्याप उभें आहे आणि चैत्रांत पहांटे त्यावर दयाळ गातो. गच्चीवर एके सकाळीं त्याच जातीच्या पक्ष्याचीं काळींपांढरीं पिसें पसरलेलीं नातीनें पाहिलीं. इमारतींत येणाऱ्या एका बोक्याचा तो प्रताप होता. नातीनें तीं पिसें उचलून वहींत ठेविलीं आणि मनीला बाहेर सोडण्याविषयींचा आपला हट्ट त्या दिवशीं आपणच सोडला. आमच्या सर्व वाचनानें जें झालें नसतें तें चार पिसांनीं झालें.

आतां वहिनींचा पक्ष. तो निव्वळ जुनेपणाचा आहे असें समजून पुष्कळ तरुण मंडळी त्याकडे दुर्लक्ष करितात. आम्हांस तें पसंत नाहीं. मांजर हें गाईसारखें दाव्यास बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलें जनावर नव्हे. सायप्रस बेटांत सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वीं एका मनुष्याशेजारीं पुरलेलें मांजर संशोधकांना सांपडलें आहे. इतका जुना शेजार असूनहि मांजरानें आपलें चालणें, दबा धरणें, रात्रीचें पाहणें यांतलें कांहींच टाकिलें नाहीं. पहांट आणि तिन्हीसांज या त्याच्या शिकारीच्या वेळा. पोट भरलेलें असलें तरी हालणारी वस्तु पाहून त्याचा पंजा शिवशिवतो. असा प्राणी चार खोल्यांत कोंडला म्हणजे एक तर लठ्ठ होतो, नाहीं तर खुर्च्या ओरबाडतो, कोपऱ्यांत घाण करितो, जाणाऱ्यायेणाऱ्याच्या पायांवर झडप घालतो. आमच्या परिचयाच्या एका घरीं असें मांजर दिवसभर खिडकींत बसून काचेवर पंजा घाशीत असलेलें आम्हीं पाहिलें आहे. वहिनी म्हणतात, “भाऊजी, याला तुम्ही सुरक्षित म्हणा, मी तुरुंग म्हणतें.” त्यांच्या या शब्दास सुनेपाशीं उत्तर नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आमच्यापाशींहि लगेच नव्हतें.

शिवाय ‘आंत’ म्हणजे निर्धोक असेंहि नाहीं. तिसऱ्या मजल्याची गॅलरी म्हणजे मांजराच्या दृष्टीनें आंत कीं बाहेर? न्यू यॉर्क शहरांतील एका पशुरुग्णालयांत इमारतींवरून पडलेलीं १३२ मांजरें आणिलीं गेलीं होतीं, त्यांपैकीं शेंकडा ९० वांचलीं, असा वृत्तांत १९८७ सालीं तेथील पशुवैद्यांनीं प्रसिद्ध केला. ‘मांजर पायांवरच पडतें’ या म्हणण्यास तेव्हांपासून मोठाच आधार मिळाला. पण जीं जाग्यावर मेलीं तीं रुग्णालयांत कोण नेणार? तीं त्या गणतींत नाहींत, एवढें साधें गणित आमच्या चौथींतल्या मुलांनींहि सांगितलें असतें. आम्हीं गॅलरीला आणि खिडक्यांना बारीक जाळी बसविली. लोखंडी गजांतून चोर येत नाहीं, पण मांजर जातें.

येथपर्यंत वाद बरोबरीचा होता. खरी अडचण निघाली ती स्वयंपाकघरांत. वहिनींच्या सांगण्याप्रमाणें वाड्यांतलीं सारीं मांजरें दूधभातावर वाढलीं. सुनेनें पशुवैद्यास विचारलें. त्यानें सांगितलें कीं, दूधभातावर मांजर जगत नाहीं. ‘टॉरिन’ नांवाचें एक द्रव्य मांजराच्या शरीरांत पुरेसें तयार होत नाहीं आणि तें मांसांतूनच मिळतें. तें न मिळाल्यास डोळ्याचा पडदा झिजून मांजर हळूहळू आंधळें होतें, हृदयहि दुबळें पडतें. डोळ्यांविषयींचा हा शोध १९७५ सालचा आहे. दुधाचें म्हणाल तर मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना तें पचत देखील नाहीं. आणखी एक गंमत अशी कीं, मांजराला गोड चव कळतच नाहीं. जिभेवर ती ओळखणारी सोयच बिघडलेली आहे, हें २००५ सालीं सिद्ध झालें. तेव्हां बासुंदीच्या पातेल्यांत तोंड घालणारें मांजर तुपासायीसाठीं येतें, साखरेसाठीं नव्हे. आमच्या मातोश्रींनीं त्याला ‘गोडघाशें’ म्हणून जे शब्द ऐकविले ते सारे वायां गेले!

मग वाड्यांतलीं मांजरें दूधभातावर जगलीं कशीं? तीं दूधभातावर जगलींच नाहींत. तीं उंदरांवर, पालींवर, चिमण्यांवर जगलीं. दूधभात हा आमच्या समाधानाचा भाग होता. परसदाराच्या फटींतून मांजर बाहेर जाई आणि आपलें खरें जेवण उरकून येई, आणि आम्ही म्हणत असूं, आमचें मांजर किती सात्त्विक! फट बुजली, उंदीर बाहेर राहिला, आणि सात्त्विकतेचा हिशेब उघडा पडला. आतां मार्ग तीनच: मांजराला आंधळें होऊं द्यावें, त्याला बाहेर सोडावें, किंवा मांस-मासळीचें तयार अन्न विकत घेऊन घरांत आणावें. ज्या घरांत चातुर्मासांत कांदा-लसूणहि वर्ज्य, त्या घरांत ऐन श्रावणांत मासळीच्या गोळ्यांची पिशवी येणार! सौ. दोन दिवस कोणाशीं नीट बोलली नाहीं.

एका स्नेह्यांनीं सोपा तोडगा सुचविला. सकाळसंध्याकाळ मांजराला खालीं सोडावें. तें काय खाईल तें खाईल, आपल्याला पाहावयाचें नाहीं, आपल्या घराला विटाळ नाहीं. हा तोडगा पुष्कळांना पटतो, आणि वहिनींचा मोकळीकीचा आग्रहहि त्यांत सहज बसतो. परंतु आम्हांस तो एका जुन्या शब्दाची आठवण देऊन गेला. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत ‘बैडालव्रतिक’ या मनुष्याचें वर्णन आहे. वर धर्माचें निशाण, आंत लोभ आणि कपट. महाबलिपुरम् येथील सातव्या शतकांतल्या प्रचंड शिल्पपटावर दोन पायांवर उभें राहून तप करणारें मांजर कोरलें आहे आणि भोंवतीं उंदीर दाखविले आहेत. बिचाऱ्या मांजराचें नांव या दंभाला कायमचें चिकटलें. पण मांजर कधींहि दंभ करीत नाहीं. तें उघडउघड मांस खातें. मांस आपल्या डोळ्यांआड, दुसऱ्याच्या अंगणांत, दयाळाच्या घरट्यांत खाल्लें जावें आणि आपलें स्वयंपाकघर शुद्ध राहावें अशी योजना जो करितो, तें व्रत खरोखर कोणाचें? सौ.पाशीं हें बोलून दाखविण्याचा धीर आम्हांस तिसऱ्या दिवशीं झाला.

तिनें ऐकून घेतलें. मग म्हणाली, “देवघराच्या बाजूला नको, माझ्या भांड्यांत नको, आणि माझ्या हातून नको. गॅलरींत त्याची थाळी निराळी ठेवा. त्याचा धर्म त्याला.” आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें, पण इतकें आटोपशीर निर्णयपत्र आम्हांस लिहितां आलें नसतें. थाळी, चमचा आणि डबा निराळा आहे. काम नातीकडे आहे. आणि वास येतो हें खरें असलें तरी तो गॅलरीबाहेर फारसा येत नाहीं.

या बाबतींत पुढें एक माहिती हातीं आली ती मोकळीक देणाऱ्यांनींहि ध्यानांत घेण्यासारखी आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत २१९ घरांतील ३५५ मांजरांवर प्रयोग करून पाहिला, तो २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. भरपूर मांस असलेलें अन्न दिल्यावर मांजरांनीं घरीं आणलेली शिकार ३६ टक्क्यांनीं घटली. रोज पांचदहा मिनिटें त्यांच्याशीं नुसतें खेळल्यानें २५ टक्क्यांनीं घटली. आणि गळ्यांतल्या घंटेचा म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाहीं. मांजराच्या गळ्यांत घंटा कोणी बांधावी, या उंदरांच्या सभेपुढील प्रश्नाचा अशा रीतीनें परस्पर निकाल लागला.

वहिनींच्या ‘तुरुंग’ या शब्दावर मात्र आम्हीं पुष्कळ दिवस विचार केला. वैष्णवांत मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर असे दोन न्याय प्रसिद्ध आहेत. माकडाचें पिलूं आईला आपण घट्ट धरतें. मांजराचें पिलूं कांहीं करीत नाहीं, आई त्याला मानगुटीस धरून नेईल तिकडे जातें. भक्तानें यांपैकीं कोणतें व्हावें हा वाद दक्षिणेंतील आचार्यांचा. आमचा मुद्दा आईविषयीं आहे. ज्यानें मानगूट धरली त्याच्याकडे सगळा भार आला. मांजराला दार बंद केलें कीं त्याची शिकार, त्याचें झाड, त्याचें ऊन, त्याचा शौच, त्याची करमणूक, सारें आपल्या शिरावर येतें. नुसती कडी लावून कर्तव्य संपत नाहीं. म्हणून माजघरांत एका खांबाला सुंभ गुंडाळून ओरबाडण्यास दिला आहे, कपाटाच्या माथ्यावर चढण्यास फळ्या ठोकल्या आहेत, आणि तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर नातू दोरीला चिंधी बांधून मनीला दहा मिनिटें पळवितो. परवचा त्यानंतर. मांजर दिवसाचे बारा-चौदा तास झोपतें, त्यामुळें हें वाटतें तितकें अवघड नाहीं. वहिनींनीं स्वतः सुंभ गुंडाळून दिला. मत बदललें असें मात्र त्यांनीं कबूल केलेलें नाहीं.

आमची मुलगी पहिलटकरीण. ती माघांत माहेरीं यावयाची होती, तेव्हां नातेवाइकांचे फोन सुरू झाले: आधीं तें मांजर घालवा, गर्भाला अपाय होतो. हें भय अगदींच निराधार नाहीं. मांजराच्या विष्ठेंतून एका सूक्ष्म जंतूची लागण होऊं शकते आणि गर्भिणीला ती प्रथमच झाली तर गर्भास धोका असतो. पण डॉक्टरीणबाईंनीं जें सांगितलें तें असें: मांजराला ती लागण कच्चें मांस किंवा बाहेरची शिकार खाऊन होते, लागण झालेलें मांजर सामान्यतः थोडेच आठवडे ते जंतु बाहेर टाकतें, आणि विष्ठा बाहेर पडल्यावर तिच्यांतील जंतु लागण करण्याजोगे होण्यास निदान एक दिवस जातो. म्हणून वाळूचा ट्रे रोजच्या रोज दुसऱ्या कोणी साफ केला, भाजी नीट धुतली, आणि मांजर घराबाहेर शिकारीस गेलें नाहीं, तर घाबरण्याचें कारण उरत नाहीं. म्हणजे गर्भिणीच्या दृष्टीनें बाहेर हिंडून येणारें मांजरच अधिक चिंतेचें. मुलगी आली, तीन महिने राहिली, सुखरूप बाळंत झाली. ट्रे आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं साफ केला. लग्नानंतर त्यांनीं घरांत नेमानें केलेलें हें पहिलेंच काम, असें सून म्हणते. बारशाला कोणी लिलीच्या फुलांचा गुच्छ आणिला होता, तो मात्र दारांतूनच परत द्यावा लागला. लिलीचे पराग अंगावर पडून चाटले गेले तरी मांजराचीं मूत्रपिंडें निकामीं होतात. आणणाऱ्या बाईंना तें फारसें रुचलें नाहीं.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यांत दिली; ती पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें पुढें देत राहावी. सहाव्या महिन्यांत नसबंदी करविली. मांजराचा गर्भ नऊ आठवड्यांत पुरा होतो आणि वर्षांत दोनतीन वेतें होतात. हें गणित ज्यांनीं केलें नाहीं त्यांच्याच जिन्याखालीं भिजलेलीं पिलें सांपडतात. मांजर आंत ठेवा अगर बाहेर, या दोन गोष्टींवर आमच्या घरांत मतभेद राहिला नाहीं.

ज्यांचीं घरें कोंकणांत वाडीमध्यें आहेत, रस्ता दूर आहे, पडवी उघडी आहे, त्यांनीं आमच्याप्रमाणें जाळ्या ठोकाव्या असें आम्ही सांगणार नाहीं. त्यांनीं मांजराला पोटभर योग्य अन्न द्यावें, तिन्हीसांजेपासून सकाळचीं पांखरें पांगेपर्यंत आंत घ्यावें, आणि घराभोंवतीं पिलें घरट्यांत असतील त्या दिवसांत थोडें कडक राहावें, इतकेंच. पेठेंत आणि मोठ्या रस्त्यालगत राहणाऱ्यांना मात्र आम्ही निःशंकपणें सांगतों कीं, जाळी लावण्याची आणि वेगळी थाळी मांडण्याची तयारी नसेल तर मांजर पाळूं नये.

येत्या वैशाखांत आम्हां सर्वांस कोंकणांत मूळ घरीं जावयाचें आहे. तेथें पडवी आहे, माड आहेत आणि शेजाऱ्यांचा एक दांडगा बोकाहि आहे. मनीला बरोबर न्यावें, कीं येथें शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन ठेवावें, यावर घरांत पुन्हां दोन पक्ष आहेत. या वेळीं वहिनी आणि सून एका बाजूला आहेत. झांकणाची एक वेताची करंडी काल बाजारांतून आली आहे आणि मनी दुपारपासून तिच्यांत झोपली आहे.